मागच्या सीटवरची अव्वा

आमच्या घरात विजेवर चालणारी स्कूटर आली ती दसऱ्याला, आणि त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. स्कूटर माझ्या धाकट्या जावेची. पांढरीशुभ्र, हिरव्या नंबरपाटीची. मी ओट्यावर बसून झेंडूची माळ ओवत होते. मान वर केली तर गाडी समोर उभी. आवाज नाही, धूर नाही, आल्याची काही वर्दीच नाही. असं चोरपावलांनी घरात शिरणारं मला माणूससुद्धा आवडत नाही, मग गाडी कुठली आवडायला.

निपाणीतलं आमचं घर दोन भावांचं. स्वयंपाकघर एक, सुना दोन, आणि दोघींच्या वर अव्वा. अव्वा म्हणजे आमच्या सासूबाई. इकडच्या जैन घरांत कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असते, त्यामुळे आईला अव्वा म्हणायचं. ऐंशीच्या घरातली, अंगानं काटकुळी, नेसायला नऊवारी लुगडं, आणि दातांपेक्षा आवाज शाबूत. रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, दर्शनाला जाणं. दर अमावास्येला घाटाजवळच्या स्तवनिधीच्या जुन्या मंदिरात जाणं. आणि दिवस मावळायच्या आत जेवणं. सूर्य बुडाला की पाण्याचा घोटही नाही. आमच्या घरातली घड्याळं भिंतीवर असतात ती नुसती शोभेला, घर चालतं ते अव्वाच्या ह्या तीन नेमांवर.

आणि हे तिन्ही नेम चालत होते माझ्या गाडीवर. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. माझी पेट्रोलची स्कूटर आता म्हातारी झाली आहे. पावसाळ्यात चोक ओढल्याशिवाय आणि किक मारून पोटरी दुखल्याशिवाय ती हलत नाही. पण लग्न होऊन आले तेव्हापासून, आधीच्या गाडीवर आणि मग हिच्यावर, अव्वाला मीच नेत आले. ती एका बाजूला पाय सोडून बसणार, एका हातात देवाला वाहायच्या तांदळाची पिशवी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. थोडं पुढं गेलं की तिचं कपाळ माझ्या पाठीला लागायचं. वारं चुकवायला टेकत असेल, असं मी समजायचे. कधी बोलायची नाही. इंजिनाच्या आवाजात बोलणार तरी काय? मीही बोलायचे नाही. पण माझ्या मागची ती जागा अव्वाची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कोपऱ्यावरचा फुलवाला माझ्या गाडीचा आवाज आला की न विचारता अव्वाची फुलं बांधायला घ्यायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी केस विंचरून किल्ली हातात घेऊन बाहेर आले, तर अव्वा ओट्याखाली उतरून त्या पांढऱ्या गाडीच्या सीटवर हात फिरवत उभी. जाऊ म्हणाली, "आक्का, आज मी सोडतो अव्वाला. तुमची शाळेची गडबड असती." आमच्याकडच्या बायका बोलताना 'मी जातो, मी सोडतो' असंच म्हणतात, त्यात वावगं काही नाही. वावगं होतं ते पुढचं. अव्वा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "व्हय, बुटकी हाय गं ही गाडी. चढाय बरी." आणि बसली. गाडी निघाली तेव्हा कुत्र्यानंसुद्धा मान वर केली नाही.

मी हातातल्या किल्लीकडे बघत उभी राहिले. आतून हे म्हणाले, "काय झालं, पेट्रोल संपलं काय?"

एक दिवसाचं कौतुक असेल म्हणून मी सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरात अव्वानं माझ्या गाडीकडे बघणंही सोडलं. आणि घरात सुरू झालं त्या गाडीचं गुणगान. जावेला दिवसभर दुसरा विषयच नाही. आक्का, हिला ऑइल बदलायला लागत नाही. आक्का, हिला किक नाही. आक्का, ही मागंसुद्धा जाती बघा, बटण दाबलं की आपोआप मागं. सीटखाली एवढी जागा की अव्वाची चटई, पिशवी, नारळ, वर आठवड्याची भाजी. रात्री मोबाइलसारखी पुढच्या सोप्यातल्या प्लगला लावायची आणि सकाळी भरलेली गाडी घेऊन निघायचं. मी ऐकून घ्यायचे आणि कणीक जरा जास्तच जोरात मळायचे.

मला सगळ्यात झोंबलं ते पेट्रोलचं. आमच्या निपाणीला दुसरं काय भूषण असो नसो, आमच्या बाजूला, कर्नाटकात, पेट्रोल स्वस्त. पलीकडच्या कागल-कोल्हापूरची माणसं हद्द ओलांडून आमच्या पंपांवर टाक्या भरून नेतात. माझ्या मावसबहिणीचा नवरा आमच्याकडे चहाला येतो तो त्याच निमित्तानं, आणि मी त्याला दर वेळी टोमणा मारून घेते. तेवढा एक मान सीमेवर राहून आमच्या वाट्याला आलेला. आणि ही बया म्हणते, "पंपावर जाऊन किती दिस झालं, मला तर वाटसुद्धा आठवत न्हाय." लोक दुसऱ्या राज्यातून ज्यासाठी येतात, ते हिला दारात असून नको! मी ते यांना म्हणून दाखवलं, तर हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "जळायला तुला पेट्रोल लागतंय कुठं? तू अशीच जळतीस की."

बरं, अव्वाच्या मनात त्या गाडीबद्दल आणखी एक गोष्ट कुणीतरी भरवून दिली होती. कुणीतरी म्हणजे कुणी, हे सांगायला नको. एकदा मी दारात किक मारत होते, गाडीनं भकाभक धूर सोडला, आणि अव्वा पदर नाकाला लावून म्हणाली, "किती जीव मरत असतील गं ह्या धुरानं. तिच्या गाडीला धूरच न्हाय. निर्दोष हाय बघ." आमच्या घरात मुंगीसुद्धा बाजूला फुंकून मग रांगोळी काढतात. अशा घरात माझी गाडी हिंसक ठरली. मी म्हटलं, "अव्वा, ती वीज कुठं कोळशावर तयार होत असंल, तिथं धूर निघतच असणार की." अव्वा म्हणाली, "तिथला धूर तिथं. आपल्या दारात न्हाय न्हवं?" शिवाय माझ्या गाडीमुळे तिच्या मडीच्या, म्हणजे सोवळ्याच्या लुगड्याला पेट्रोलचा वास लागायचा, हे तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. इतकी वर्षं नाक दाबून बसत होती की काय, देव जाणे.

पण मी खरी जळले ती ह्या कशानं नाही. गाडीला किक नाही, धूर नाही, तेलाचा डाग नाही, हे सगळं मी गिळलं असतं. मी जळले ते बोलण्यानं.

दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. रविवारी सकाळी मी वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालत होते. गल्लीच्या टोकाला त्या दोघी बस्तीतून परत येताना दिसल्या. गाडी आवाज न करता येत होती, त्यामुळे मला वरपर्यंत दुसराच आवाज ऐकू आला. अव्वाचा. ती बोलत होती. एक हात जावेच्या खांद्यावर, दुसरा हवेत, आणि अखंड बोलत होती. मधूनच जाऊ मान हलवून "हौदु, हौदु", म्हणजे हो, हो, म्हणत होती. दोघींचं कानडी चाललं होतं. जाऊ चिकोडीकडची, तिच्या माहेरी घरात कानडीच. अव्वाचं माहेरही त्याच बाजूचं. मी बेळगावची, शहापुरातली. माझं कानडी बाजारापुरतं आणि ऑफिसातल्या अर्जापुरतं. गाडी ओट्याला लागली तरी अव्वाचं बोलणं संपेना. उतरली ती गोष्ट पुरी करूनच.

मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी. इतकी वर्षं माझ्या मागं बसून ही बाई एक शब्द बोलली नव्हती.

मग मला सवयच लागली. ती निघाली की खिडकीत जायचं, यायची वेळ झाली की माडीवर जायचं. रोज तेच. जाताना बोलते, येताना बोलते. शेजारीण एकदा हसत म्हणाली, "तुमच्या अव्वांचं गाडीवर भाषणच चाललेलं असतंय की हो." मी हसले. ते हसू मला स्वतःलाच कडू लागलं. इंजिनाचा आवाज नसला की माणसाला माणसाचं ऐकू येतं, हा त्या गाडीचा फायदा कुठल्या जाहिरातीत नव्हता. मला तो न विचारता कळला.

एकदा जेवताना जाऊ सहज म्हणाली, "अव्वाच्या माहेरच्या बैलांच्या गळ्यात केवढी घुंगरं असायची म्हणं. पितळंची." हे म्हणाले, "मला न्हवतं माहीत." दीर म्हणाले, "मला पण न्हवतं." मला तर नव्हतंच. अव्वाचे वडील अमावास्येला बैलगाडीनं स्तवनिधीला जायचे आणि ती लहानपणी त्या गाडीत असायची, हेही मला त्या दिवशी कळलं. तेही जावेच्या तोंडून, आमटी वाढता वाढता. ज्या बाईला मी इतकी वर्षं दर अमावास्येला त्याच वाटेनं नेलं, तिनं ती घुंगरं मला नाही सांगितली. शिवाय जाऊ तिला 'तू' म्हणते. कानडीतून आलेल्या जवळिकीनं तिला ते शोभतं. मी अजून 'तुम्ही'त अडकलेली. त्या दिवशी मी आमटीला पुन्हा मीठ घातलं आणि सगळ्यांनी निमूटपणे खाल्लं.

जाऊ वाईट नाही, हेच तर अडचणीचं. वाईट असती तर मला केवढं सोपं गेलं असतं. तीन-चारदा तिनं स्वतःहून किल्ली पुढं केली, "आक्का, शाळेला घेऊन जावा की. मी घरातच हाय." मी म्हणायचे, "नको बाई, मला माझीच बरी. आवाज नसला की मला झोप येते." काहीतरी बोलायचं म्हणून बोलायचे. आणि शाळेच्या वाटेवर माझ्या गाडीच्या फटफटीला ऐकवायचे, की बघ, तुझ्यामुळं माझी ही गत.

असं करत उन्हाळा आला. शाळेला सुट्टी लागली. वैशाखातल्या अमावास्येच्या आदल्या रात्री वळवाचं वारं सुटलं, आमच्या गल्लीतल्या विजेच्या तारेवर झाडाची फांदी पडली, आणि लाईट गेली ती गेलीच. सकाळी सगळ्यांचे मोबाइल मान टाकून पडलेले. सोप्यात ती पांढरी गाडी प्लगला लावलेली तशीच, आणि तिच्या पडद्यावर बॅटरीचा एवढासा लाल तुकडा. जाऊ बाहेर येऊन तारेकडे बघायची, आत जाऊन गाडीकडे बघायची. दुपार झाली तरी तार तशीच लोंबत होती.

त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी इथं लिहिते आहे, कारण लपवून उपयोग नाही. तो माझ्या चालण्यात दिसत होता. मी जुन्या कापडानं माझी स्कूटर पुसली. आरसासुद्धा पुसला. आणि अव्वासमोर जाऊन म्हटलं, "चला, स्तवनिधीला."

अव्वानं एकदा पांढऱ्या गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "चल," म्हणाली. "पर दिवस बुडायच्या आत घरात पायजे." जावेनं सांगितलं, भाकरी करून ठेवतो, या तुम्ही.

जाताना मी वाट बघत होते. इतके महिने बोलायची सवय झालीय, आता माझ्याशीही बोलेल. गाडी मी मुद्दाम हळू चालवली. मोठ्या रस्त्यावर ट्रकची घरघर, म्हणून बाजूच्या लहान रस्त्यानं निघाले. म्हटलं, "अव्वा, वाऱ्यानं आंबे लई पडले की ह्या वर्षी." मागून काही नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं, "तुमच्या माहेरी आंब्याची झाडं होती न्हवं?" काही नाही. फक्त कपाळ पाठीला टेकलेलं. माझा असा संताप झाला! धाकटीला बैलांच्या घुंगरांपासून सगळं सांगायचं आणि मला एक 'हूं' सुद्धा नाही.

देवदर्शन झालं. अव्वा देवासमोर पुष्कळ वेळ बसली, मी तिच्या बाजूला बसून देवाला काय म्हणाले ते देवाला माहीत. परत निघालो तेव्हा सूर्य खाली आला होता, पण घाई करावी इतका नाही. उन्हं शेतातल्या बांधांवर आडवी पसरलेली. डोंगर उतरून रस्ता निपाणीकडे लागतो तिथं लांबलचक उतार आहे. पूर्वी आमच्याकडची माणसं त्या उतारावर गाडी बंद करून नुसती सोडायची, पेट्रोल वाचवायला. माझ्या वडिलांचीही ती खोड होती. मला ते आठवलं, आणि आठवल्याबरोबर माझ्या डोक्यात आलं की आवाजच नको ना? मग घे.

मी उताराच्या तोंडाला किल्ली फिरवली.

फटफट थांबली. गाडी आपल्या वजनानं निघाली. टायरखाली खडी चुरचुरली, कुठंतरी टिटवी ओरडली. मला वाटलं, आता. आता बोलेल.

पाठीवरचं कपाळ दचकून उचललं गेलं. खांद्यावरच्या हाताची बोटं एकदम रुतली.

"काय झालं? आं? काय झालं गं? गाडी बंद पडली व्हय?"

"न्हाय अव्वा. मीच बंद केलीय. उतार हाय."

"का? का बंद केलीस?"

"तुम्हांस्नी बोलता यावं म्हणून."

"बोलाय काय घरात जागा न्हाय व्हय? रस्त्यात गाड्या बंद करून बोलत्यात?"

मग माझाही तोल गेला. गाडीचा नाही, माझा. मी पुढं बघतच म्हटलं, "धाकटीच्या मागं बसून बोलता की सारखं. जाताना बोलता, येताना बोलता. सगळी गल्ली सांगती. माझ्या मागं बसल्यावर तुमचं तोंड का शिवलेलं असतंय?"

अव्वानं खांद्यावरची पकड जरा सैल केली. मग म्हणाली, "अगं, तिथं भ्या वाटतंय म्हणून बोलतो मी."

"भ्या?"

"मग? ती गाडी आवाज करत न्हाय, धडधड करत न्हाय. चालती का थांबली कळत न्हाय. मला आता नीट दिसतंय कुठं? म्होरं पोरगी हाय का पडली वाटंत, तेबी कळंना. मग मी बोलतो. ती हौदु म्हणती. मग वाटतंय, हाय बाई, हाय. आन् लोकांस्नी तरी कळाय नको व्हय, गाडी आल्याली? कुणीतरी आवाज कराय पायजेच की."

मी गाडी हळूच बाजूला घेतली आणि थांबवली. मला मागं वळून तिचं तोंड बघायचं होतं.

"आन् माझ्या मागं?"

"तुझ्या मागं झोपतो की."

"झोपता?"

"मग काय करतो वाटलं तुला? आत्तापण झोपलोतो. तू बंद केलीस आन् मोडली की झोप." ती खरंच चिडली होती. "माझा बा ह्याच वाटंनं आणायचा आमास्नी. रातीचं उठवून गाडीत घालायचा. घुंगरं वाजत हायेत तवर झोपायचं. घुंगरं थांबली की जागं व्हायचं, म्हंजे देऊळ आलं न्हाईतर बैल थांबलं. तसंच तुझं. तुझी फटफट चालू हाय म्हंजे तू हायस म्होरं. मला बघाय काय पडलंय?"

मी तिच्याकडे बघत राहिले. डोळे जड, कपाळावर माझ्या ब्लाऊजच्या शिवणीचा वळ. इतकी वर्षं मी ज्याला गप्प बसणं म्हणत होते ती झोप होती. कपाळ टेकवणं वाऱ्यासाठी नव्हतं. आणि मी एवढे महिने त्या बोलण्यावर जळत होते जे भीतीनं चाललं होतं! मला पहिल्यांदा रागच आला, की हे आधी का सांगितलं नाही? मग लक्षात आलं, झोपलेलं माणूस सांगणार कसं? पण जास्त विचार करायला वेळ नव्हता, सूर्य खाली चालला होता आणि अव्वाला जेवायचं होतं.

"चालू कर आधी ती," अव्वा म्हणाली. "आन् परत बंद केलीस तर बघ."

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. गल्ली येईपर्यंत कपाळ पुन्हा पाठीवर होतं. खड्डे मी असे चुकवले की जन्मात चुकवले नसतील.

घरी आलो तेव्हा सूर्य अजून बुडाला नव्हता. जावेनं ताट वाढूनच ठेवलं होतं. अव्वा हातपाय धुऊन बसली, मीही तिच्याजवळ बसले. जावेनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "आज आक्कांसंगं काय काय बोललीस गं अव्वा?"

"काय बोलायचं? झोपलोतो की मी."

"गाडीवर?"

"ती चालवत असताना झोपतोच मी. कवापासनं."

जावेचा हात भाकरीच्या टोपलीवर थांबला. "माझ्या मागं तर एकदा पण तुझा डोळा लागला न्हाय," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण हसू ओठांवरच राहिलं. तिनं माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी ओळखला. दसऱ्यापासून तो माझाच होता. मला तिची दया यायला हवी होती. पण आली नाही. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

रात्री उशिरा केव्हातरी लाईट आली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आक्का, ह्या गाडीला आवाजाचं काही बसवून मिळतंय काय हो?"

आवाज नाही म्हणून जिनं सगळ्या पै-पाहुण्यांत गाडी मिरवली, ती मला आवाज मागत होती! मी म्हटलं, "घुंगरं बांध." मी चेष्टेनं म्हटलं होतं. तिनं ते मनावर घेतलं. संध्याकाळी बाजारात जाऊन बैलांच्या गळ्यातली पितळी घुंगरं घेऊन आली आणि हँडलला बांधली. सकाळी अव्वाला मागं बसवून निघाली तेव्हा सगळी गल्ली दारात आली. विजेची गाडी आणि खुळखुळ, खुळखुळ. फुलवाला आधी हसला आणि मग त्यानं फुलं बांधायला घेतली.

मी माडीवर होते, दुसरी कुठं असणार? येताना खुळखुळ आधी ऐकू आली, मग गाडी दिसली. अव्वाचं तोंड बंद होतं. हात हवेत नव्हता. कपाळ जावेच्या पाठीला टेकलेलं. ओट्याशी उतरली तेव्हा तिच्या कपाळावर वळ होता, आणि जाऊ खालूनच मला ओरडून सांगत होती, "झोपली आक्का, झोपली!" तिचा आनंद तिच्या अंगात मावत नव्हता. आणि ती घुंगरं सुचवली होती मी! माझंच तोंड, माझीच चेष्टा. मी जिना उतरले तो पायऱ्यांवर पाय आपटत.

अव्वा सोप्यात पाटावर बसली होती. मला बघून म्हणाली, "उद्या तू नेशील काय गं मला?"

"का? तिच्या मागं आता झोप लागती की."

"झोप लागली, तेच की. आज कुणासंगं काय बोललोच न्हाय बघ मी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "उद्या उताराच्या वाटंनं ने. आन् ती तुझी फटफट बंद कर तिथं. मला बोलायचं हाय."